साखर तर कंट्रोलमध्ये आहे

ही बाई कोणी एक नाही. प्रसूतितज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ ज्या क्रमाने ही आपत्ती घडताना पाहतात, तो क्रम कळावा म्हणून मी ती रचली आहे, त्यामुळे तिला नाव नाही. तिचा आजार, औषधं आणि शरीरात घडणाऱ्या गोष्टी मात्र रचलेल्या नाहीत. वय सत्तावीस, माहेर-सासर दोन्ही निपाणीकडचं. पंधराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, म्हणजे स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन बनवतच नाही, ते बाहेरूनच टोचायचं. बंगळुरूत लग्गेरेला एका खोलीचं घर. नवरा पीण्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर आणि ती तिथल्याच एका गारमेंट कारखान्यात चेकर. एकतिसावा आठवडा चालू.

पीण्या म्हणजे तुमकुर रोडच्या दोन्ही अंगांनी पसरलेली वसाहत: लेथ, डाय-कास्टिंग, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग आणि बायकांनी भरलेले शिलाईचे कारखाने. हाच रस्ता पुढे हुबळी, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर करत पुण्याला येतो. त्यामुळे सीमाभागातली पोरं आणि त्यांच्यामागून आलेल्या सुना इथे चिकार. महिना ऑगस्टचा. पावसाळी फ्लूचा हंगाम.

शनिवार, संध्याकाळी ७. अजून ५८ तास.

शिफ्ट संपवून ती घरी येते तेव्हा घसा खवखवतोय, पाठ भरून आलीय. दोन दिवस चेकिंग टेबलावर शेजारची मुलगी खोकत होती. रजा टाकली तर हजेरीचा बोनस जातो, म्हणून ती मुलगी कामावर आली होती. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, म्हणजे हिशेब जुळतो. आठ वाजता ती रोजच्यासारखी सुई घेते. लाल टोपणाची सिरिंज, ४० युनिटची बाटली, ३०/७० मिश्रण, अठरा युनिट. बाटली मडक्यातल्या ओल्या वाळूत ठेवलेली, कारण घरात फ्रीज नाही. पद्धत जुनी आहे आणि बंगळुरूच्या हवेत ती निभावून नेते. या सगळ्या गोष्टीत मडक्याचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शनिवार, रात्री ११. अजून ५४ तास.

ताप १०२. अंगात ताप चढला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, ग्लुकॅगॉन अशी सगळी हत्यारं बाहेर काढतं आणि ती सगळी इन्सुलिनच्या विरोधात काम करतात. त्यात गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून येणारी संप्रेरकं आधीच इन्सुलिनचा परिणाम कमी करत असतात. म्हणून या दिवसांत इन्सुलिनची गरज एरवीपेक्षा खूप वाढलेली असते. आजारी पडल्यावर ती आणखी वाढते, पोटात अन्न असो वा नसो. हे वाक्य तिला बारा वर्षांत कोणी सांगितलेलं नाही. सुई कुठे टोचायची, कशी टोचायची, गोड काय खायचं नाही, हे सगळं सांगितलंय.

रविवार, सकाळी ८. अजून ४५ तास.

चहा पोटात ठरला नाही. उप्पिटाचा एक घासही नाही. दोन उलट्या. मीटरवर साखर १६८. सिरिंज हातात घेऊन ती बसली असताना निपाणीहून सासूबाईंचा फोन येतो.

"अगं, पोटात काय न्हाई आणि सुई घेतीस? शुगर उतरून चक्कर यील. पोटात लेकरू हाय. आजच्याला र्‍हाऊ दे की."

या बोलण्याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. तिसऱ्या महिन्यात या सुनेची साखर खरंच एकदा इतकी उतरली होती की दातखीळ बसली होती आणि साखरेचं पाणी पाजून शेजाऱ्यांनी तिला शुद्धीवर आणलं होतं. पहिल्या तिमाहीत असं होऊ शकतं. तेव्हा इन्सुलिनची गरज थोडी कमी होते आणि उलट्यांमुळे खाणंही कमी असतं. सासूबाईंनी तो प्रसंग लक्षात ठेवला. पण सहाव्या-सातव्या महिन्यात गणित उलटं फिरतं, हे त्यांना कोण सांगणार? सूनही विचार करते, जेवायचंच नाही तर सुई कशाला. सिरिंज टोपण लावून परत डब्यात जाते.

आपत्तीचा क्षण कुठला, असं विचारलं तर मी हाच सांगेन. पुढे जे झालं ते सगळं सावरता आलं असतं, पण सुरुवात इथे झाली.

इन्सुलिन नसलं की रक्तात साखर असूनही पेशींना ती घेता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला काढतं आणि यकृत त्या चरबीपासून कीटोन बनवतं. कीटोन आम्ल असतात. ते साठत गेले की रक्त आम्लधर्मी होतं. यालाच कीटोॲसिडोसिस म्हणतात. एरवी हे व्हायला बराच वेळ लागतो, गरोदर बाईत मात्र ते धावत येतं, कारण बाळ दिवसरात्र आईच्या रक्तातून साखर ओढत असतं आणि रात्रभराच्या उपासानेही तिचे कीटोन चढतात. शिवाय गर्भारपणात श्वास मुळातच जरा खोल असतो. त्यामुळे रक्तातलं आम्ल झेलणारं बायकार्बोनेट आधीच कमी असतं. म्हणजे पुंजी लहान आणि खर्च दुप्पट.

यातला घातकी भाग मीटरवरच्या आकड्याचा आहे. एरवी कीटोॲसिडोसिसमध्ये साखर तीनशे-चारशेच्या वर जाते आणि आकडा बघूनच माणूस घाबरतो. गरोदरपणात बाळ साखर खेचतं, मूत्रपिंडातूनही ती जास्त वाहून जाते, म्हणून आकडा दोनशेच्या आसपास, कधी त्याहीखाली राहतो. हिच्या नवऱ्याला हे लगेच कळलं असतं: मशीनच्या डिस्प्लेवर आरपीएम बरोबर दिसतो आणि आत स्पिंडलचं बेअरिंग जळत असतं.

खरं तर आजारी दिवसाचे नियम अर्ध्या कागदावर मावतात. इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, मात्रा डॉक्टरला विचारून बदलायची. दर तीन-चार तासांनी साखर बघायची. लघवीत किंवा रक्तात कीटोन तपासायचे. घोटघोट पाणी, ताक, पेज पीत राहायचं. उलटी थांबत नसेल किंवा कीटोन निघाले तर घरी थांबायचं नाही, मग साखर कितीही असो.

रविवार, दुपारी १. अजून ४० तास.

लग्गेरेतला दवाखाना. रविवार असूनही उघडा, हीच मेहरबानी. डॉक्टर ताप बघतात, पॅरासिटामॉल देतात, उलटीची सुई देतात, एक बाटली सलाईन लावतात. बोट टोचून साखर बघतात: १८२.

"शुगर ठीक आहे. व्हायरल आहे, तीन दिवसांत जाईल."

व्हायरल आहे हे अगदी खरं. आणि गरोदर बाईच्या बाबतीत 'व्हायरल आहे' हे वाक्य निश्चिंत होण्यासाठी नसून घाई करण्यासाठी असतं, हे वैद्यक शंभर वर्षं शिकत आलंय. १९१८ च्या साथीनंतर अमेरिकेत १,३५० फ्लूग्रस्त गरोदर बायकांची पाहणी छापून आली, त्यांतल्या २७ टक्के दगावल्या होत्या. १९५७ च्या आशियाई फ्लूत मिनेसोटामध्ये दगावलेल्या प्रजननवयाच्या बायकांपैकी निम्म्या गरोदर होत्या. २००९ तर आपल्याला चांगलंच आठवतं. त्या वर्षी ऑगस्टच्या ३ तारखेला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला आणि नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. अमेरिकेत त्या साथीत लोकसंख्येच्या जेमतेम १ टक्का असलेल्या गरोदर बायका मृतांत मात्र ५ टक्के होत्या. तिथेच एक गोष्ट ठळक दिसली. लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांत ज्यांना ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध मिळालं त्यांच्या तुलनेत चार दिवसांनंतर औषध मिळालेल्या गरोदर बायकांना आयसीयूत जावं लागण्याचं प्रमाण सहापट होतं.

म्हणून आजचा सल्ला असा की गरोदर बाईला फ्लूचा संशय आला तर तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता ७५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस, लगेच सुरू करावी. मधुमेह असेल तर दुप्पट कारण. हिच्या बाबतीत ती अठ्ठेचाळीस तासांची मुदत सोमवारी संध्याकाळी सातला संपणार आहे. आता रविवार दुपार आहे. गोळी चिठ्ठीवर नाही.

लशीचंही असंच. शेजारच्या महाराष्ट्रात २०१५ पासून गरोदर महिलांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यांत फ्लूची लस मोफत देण्याचं धोरण आहे. गरोदरपणात धनुर्वाताची सुई सगळ्यांना ठाऊक, फ्लूची कोणी विचारत नाही. हिलाही कोणी विचारली नाही.

रविवार, रात्री ९. अजून ३२ तास.

शहाळ्याचं पाणी थोडं राहिलं. दुसऱ्या वेळची सुईही टळली. शनिवारी रात्री घेतलेल्या मिश्रणाचा अंमल आज दुपारपर्यंतच संपला. आता अंगात इन्सुलिनचा थेंब नाही. लघवी भरपूर होतेय, म्हणून नवऱ्याला वाटतं सलाईन लागू पडली.

सोमवार, पहाटे ४. अजून २५ तास.

ताप उतरलाय. तहान भागत नाही. पोट दुखतंय आणि श्वास मोठा चाललाय, घाट चढून आल्यासारखा, पण एकाच जागी पडून. सहाला नवऱ्याची पहिली शिफ्ट. "जावा तुम्ही, ताप गेलाय," असं ती म्हणते आणि तो जातो. कीटोन उलटी वाढवतात, उलटीमुळे पाणी घटतं, पाणी घटलं की ताणाची संप्रेरकं आणखी वाढतात आणि त्यांनी कीटोन आणखी वाढतात.

सोमवार, सकाळी ११. अजून १८ तास.

शेजारच्या खोलीतली रायचूरकडची बाई डबा द्यायला येते. दारातच थबकते. खोलीत वास येतोय, नेलपॉलिश उघडल्यासारखा किंवा फळं जास्त पिकल्यासारखा. तिने मधुमेह कधी शिकला नाही, पण वास बरा नाही एवढं तिला कळतं आणि ती फोन लावते. या सगळ्या दीर्घ गोष्टीत खरी खूण पहिल्यांदा ओळखली ती तिने. डॉक्टरांपैकी तो वास पुढे ज्याला आला, त्याला येईपर्यंत रात्र झाली.

सोमवार, दुपारी २. अजून १५ तास.

जवळचं प्रसूतिगृह. इथे गोष्ट मला नेहमी संतापवते, कारण इथे सगळं हाताशी होतं. श्वास मिनिटाला ३४. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा ९८ दाखवतो. छातीत फारसं काही ऐकू येत नाही. म्हणजे फुप्फुसं काम करताहेत, तरी बाई का धापतेय? हा प्रश्न तिथे उभा राहायला हवा होता. खोल, भराभरा चाललेला श्वास म्हणजे रक्तातलं आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या वाटेने बाहेर टाकायची शरीराची धडपड. पण कोविडनंतर धाप म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात फुप्फुसंच येतात. नेब्युलायझर लागतो.

लघवीची तपासणीही होते, पण जी पट्टी बुडवली तिच्यावर दोनच चौकोन आहेत, साखर आणि अल्ब्युमिन. कीटोनचा चौकोन असलेली पट्टीही बाजारात मिळते, किमतीत फरक काही रुपयांचा. साखरेचा चौकोन गडद होतो. मधुमेहीच आहे, होणारच.

"इन्सुलिनवर आहे का?" नर्स विचारते.

"हो, बारा वर्षं झाली," नवरा सांगतो.

खोटं तो काहीच बोलला नाही. 'शेवटची सुई कधी घेतली' असं विचारलं असतं तर 'शनिवारी' असं उत्तर आलं असतं आणि कदाचित पुढचं सगळं बदललं असतं. केसपेपरवर 'ऑन इन्सुलिन' एवढंच लिहिलं जातं. साखर २१४. "फार नाही."

पोटात कळा येताहेत. एकतिसावा आठवडा, बाळ लवकर यायचं म्हणून त्याच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचं इंजेक्शन. एरवी हे औषध हजारो अपुऱ्या दिवसांची बाळं वाचवतं. पण स्टेरॉइड साखर आणि कीटोन दोन्ही चढवतं, म्हणून मधुमेही आईला ते देताना इन्सुलिन वाढवावं लागतं. हिचं तर बंदच आहे.

सोमवार, संध्याकाळी ७. अजून १० तास.

बाळाच्या ठोक्यांचा आलेख चांगला नाही. ठोके १७० च्या आसपास, रेघ सपाट, आणि प्रत्येक कळेनंतर उशिराने येणारी घसरण. कीटोन वारेतून बाळापर्यंत पोचतात, आईचं पाणी आटल्याने गर्भाशयाकडे जाणारं रक्त घटतं, आणि बाळाच्या रक्तातही आम्ल साठतं. प्रसूतिगृह हात टेकतं: मोठ्या हॉस्पिटलात न्या, सिझेरियन लागेल. १०८ ला फोन.

आता तुमकुर रोड. सोमवारी सातच्या सुमाराला गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. पीण्याच्या उड्डाणपुलाचीही एक कथाच आहे. २५ डिसेंबर २०२१ ला आतल्या केबल खराब झाल्याचं आढळून तो बंद झाला, नंतर हलक्या वाहनांना उघडला, आणि अवजड गाड्यांना परत जायला २०२४ ची जुलै उजाडली. तोवर सगळे ट्रक खालून. डोक्यावरून मेट्रो अठरा मिनिटांत जिथे पोचते तिथे खाली अँब्युलन्स भोंगा वाजवत उभी राहते, असं त्या रस्त्यावरचे लोक म्हणतात. मिनिटांचा हिशेब मी केलेला नाही.

सोमवार, रात्री ९:३०. अजून साडेसात तास.

मोठ्या सरकारी रुग्णालयाचा प्रसूती विभाग. रेसिडेंट डॉक्टर तिच्यावर वाकतो, आणि दोन सेकंदांत मान वर करतो. वास. "शेवटचं इन्सुलिन कधी?" दोन दिवसांत पहिल्यांदा हा प्रश्न. धमनीतलं रक्त मशीनवर: पीएच ७.०८, बायकार्बोनेट ६. साखर २३१. लघवीत कीटोन पट्टीवरचा शेवटचा रंग.

पुढचं सगळं योग्य होतं, हे मुद्दाम नोंदवतो. पहिल्या तासात लिटरभर सलाईन, शिरेतून तासागणिक वजनाच्या हिशेबाने इन्सुलिन, पोटॅशियमवर नजर, ओसेल्टामिविरची पहिली गोळी. साखर फार उतरू नये म्हणून डेक्स्ट्रोजही, कारण इन्सुलिन आता साखरेसाठी नाही, कीटोन थांबवण्यासाठी द्यायचं असतं.

नवरा विचारतो, "सिझर कधी?" आणि वरिष्ठ डॉक्टरीणबाई सांगतात, आत्ता नाही. हे बाहेरच्याला निर्दय वाटतं. पण अशा आम्लाने भरलेल्या शरीरावर भूल आणि सुरी चालवणं आईचा जीव घेऊ शकतं, आणि पुष्कळदा आई सावरली की चार ते आठ तासांत बाळाचा आलेखही सावरतो. म्हणून आधी आई. आधुनिक उपचारांत आई दगावण्याचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलंय. बाळ गमावण्याचं प्रमाण मात्र दहांत एक ते चारांत एक असं सांगितलं जातं. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोत माणसाला पहिलं इन्सुलिन टोचलं जाण्याआधी अशा बायकांना मुळात नऊ महिने गाठणंच दुर्मीळ होतं.

मंगळवार, पहाटे २. अजून ३ तास.

पीएच ७.१९. बायकार्बोनेट १०. श्वास मिनिटाला २६. ती डोळे उघडते, पाणी मागते, नवऱ्याला "जेवला का?" विचारते. पोटॅशियम उतरलंय, ते सलाईनमधून चालू. आईचे सगळे आकडे बरोबर दिशेने चाललेत. बाळाचा आलेख तासाभर जरा बरा दिसला होता. आता पुन्हा सपाट.

मंगळवार, पहाटे ५.

ठोके सापडत नाहीत. पट्टा सरकवून बघतात, मग सोनोग्राफीचं मशीन आणतात. हृदयाचे चारही कप्पे दिसतात, हलत नाहीत.

दहा वाजता घशातल्या नमुन्याचा रिपोर्ट येतो: इन्फ्लुएन्झा ए. सासूबाई रात्रीची बस धरून निपाणीहून आल्यात, कॉरिडॉरमध्ये रेसिडेंटला गाठून विचारतात, "साखर एवढी नव्हती की हो, मग असं कसं झालं?" तो खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसतो आणि कन्नड, हिंदी आणि मोडक्या मराठीत कीटोन म्हणजे काय ते सांगायला लागतो. सुई थांबवायला त्यांनीच सांगितलं होतं, हे त्याला एव्हाना कळलंय. ते तो काढत नाही.

कळा आणून बुधवारी दुपारी प्रसूती होते. वार बाहेर पडली की तिच्या संप्रेरकांचा अंमल संपतो आणि इन्सुलिनची गरज काही तासांत धाडकन खाली येते. हे माहीत नसेल तर जुन्याच मात्रेने साखर जीवघेणी उतरू शकते. म्हणून कार्डावर नवा आकडा पडतो: सकाळी दहा युनिट, रात्री सहा. नर्स तो वाचून दाखवते.

"आणि जेवण गेलं नाही तर?" ती विचारते.

"सुई बंद करायची नाही. कमी किती करायची ते विचारायला इथे फोन करायचा." नर्स कार्डाच्या मागे वॉर्डचा नंबर लिहिते, त्याखाली 'कीटोनची पट्टी' असं लिहून दोनदा अधोरेखित करते, आणि सासूबाईंनाही जवळ बोलावते.